200 तासांचा हिशेब

2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची साक्षरता सुमारे 85 टक्के निघाली. महाराष्ट्राची 82.34 होती, देशाची 72.99. म्हणजे ज्याला आपण राज्याचं पूर्व टोक म्हणतो, जिथे दरेकसा स्टेशन मागे पडलं की गाडी छत्तीसगडात शिरते, तो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या पुढे आहे. यामागे अनेकांचे कष्ट आहेत. गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभी करणाऱ्या मनोहरभाई पटेलांचं स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेमच होतं, पण त्यांनी भंडारा-गोंदियाच्या गावागावांत शाळा काढल्या. त्या पिढीचं हे देणं आहे.

पण त्या 85 च्या आत डोकावलं की चित्र बदलतं. जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता साधारण 92 टक्के, बायांची साधारण 78. फरक 14 अंकांचा. राज्यात पुरुष 88.38 आणि बाया 75.87, फरक साडेबारा अंकांचा. सरासरीत गोंदिया राज्याच्या पुढे, पण बाई आणि पुरुष यांच्यातल्या दरीतही पुढेच. जिल्ह्यात दोघांची संख्या जवळपास सारखी आहे, त्यामुळे गणित सोपं आहे: 100 पुरुषांमागे 8 असाक्षर, 100 बायांमागे 22. एकूण 30 असाक्षरांत 22 बाया. चारांत तीन म्हणा.

जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात साक्षरतेबद्दल जे काही करायचं, ते या आकड्यापासून सुरू व्हायला हवं असं मला वाटतं. उरलेली निरक्षरता सगळीकडे सारखी पसरलेली नाही. ती बहुतेक बायांची आहे, त्यातही वय झालेल्या बायांची, आणि पुष्कळदा जिच्या घरात प्रमाण मराठी बोलली जात नाही अशा बाईची. या पट्ट्यात गोंडी आहे, पोवारी आहे, हलबी, छत्तीसगढी, हिंदी आहे, आणि मराठी बोलली जाते तीही झाडीपट्टीच्या वळणाची. जनगणना साक्षर कोणाला म्हणते? सात वर्षांवरचा जो कुणी कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो, त्याला. नुसती सही करता येणं पुरत नाही, आणि मराठीचीच अटही नाही. हे दोन्ही मुद्दे गावातल्या वर्गावर आपण विसरतो.

2011 नंतर जनगणना झाली नाही. म्हणून सगळ्या योजना अजून त्याच आकड्यांवर उभ्या आहेत. त्या मोजणीत देशात 15 वर्षांवरचे असाक्षर 25.76 कोटी होते: 9.08 कोटी पुरुष, 16.68 कोटी बाया. साक्षर भारत योजनेत 2018 पर्यंत 7.64 कोटी साक्षर झाल्याची नोंद आहे. उरले 18.12 कोटी. त्यांच्यासाठी 2022 मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रम आला, ज्याला आता उल्लास म्हणतात. पाच वर्षं, 5 कोटी माणसं, 1037.90 कोटी रुपये.

भागाकार करून पाहा. माणशी 208 रुपयेही होत नाहीत. एवढ्यात पाटी, पुस्तक, सर्वेक्षण, परीक्षा, छपाई, सगळं. शिकवणाऱ्याचा मोबदला त्यात बसणं शक्यच नाही, आणि म्हणून योजना पहिल्या ओळीपासूनच स्वयंसेवकावर उभी आहे. ज्याला आपण सेवा म्हणून कौतुकाने टाळ्या वाजवतो, तो खरं तर या योजनेतला सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि तो कुठेच लिहिलेला नाही.

तो खर्च तासांत मोजता येतो. उल्लासमध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी साधारण 200 तास धरले आहेत. मग 150 गुणांची चाचणी: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा रविवारी 17 मार्च 2024 ला झाली. सुमारे 4 लाख 59 हजार जण बसले, सुमारे 4 लाख 25 हजार उत्तीर्ण झाले. 92 टक्क्यांहून जास्त. निकाल आनंदाचा आहे. पण 2011 च्या हिशेबाने राज्यात असाक्षर 1 कोटी 63 लाख होते, आणि परीक्षेला बसलेले त्यांच्या तीन टक्क्यांच्या आत. जी वर्गापर्यंत पोचली ती शिकली. अडचण पोचण्याची आहे.

आता सालेकसा तालुक्यातल्या बाईचं वर्ष घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवसभर कमरेत वाकून बांधीत, संध्याकाळी हाताची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. त्या बोटांत पेन धरायला सांगणं हा अन्याय आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानकापणी, पाठोपाठ बांधणी आणि मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल: अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं, कारण उजाडलं की गुरं येतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. चाचणीची तारीख 17 मार्च होती, म्हणजे मोहाचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास.

काय उरतं? सप्टेंबर, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. एकूण 15 आठवडे. आठवड्याला सहा दिवस, रोज एक तास धरला तर वर्षाला 90 तास. 200 तासांचं काम एका वर्षात बसतच नाही. दोन वर्षं लागतात, आणि तरी 20 तास कमी पडतात. एका हंगामात गाव साक्षर करण्याचा धडाका इथे लागू पडत नाही, हे मला आकड्यांनीच पटवलं.

आपल्याकडे हा धडाका पूर्वी झालेला आहे. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावं शंभर टक्के साक्षर म्हणून जाहीर झाली, समारंभ झाले, गावांनी ते मनापासून केलं. पण वाचायला काही हाती आलं नाही तिथे अक्षरं पुन्हा पुसट झाली. शिकलेलं वापरात राहिलं नाही तर विसरतं. उलट ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू केली, ती टिकली याचं कारण मला तिच्या सुरुवातीत दिसतं. साठीच्या पुढच्या त्या बायांना पोथी स्वतः वाचायची होती. वाचायचं काय, हे आधी ठरलं होतं. अक्षरं नंतर आली.

स्वयंसेवकाच्या बाजूने पाहू. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यातल्या विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचं असतं, दोन वर्षांत 240. एका वर्षाच्या 120 तासांत कुणीही 200 तासांचा वर्ग पुरा करू शकत नाही. पण दोन वर्षांत करू शकतो, आणि बाईलाही दोनच वर्षं लागतात. दोघांचे हिशेब जुळतात! मात्र त्यासाठी त्याच विद्यार्थ्याने त्याच चार-पाच जणींबरोबर दोन वर्षं राहावं लागेल. सात दिवसांचं शिबिर, एक प्रभातफेरी, भिंतीवर चार घोषणा आणि समारोपाचा फोटो यांतून या बाईच्या वाट्याला एकही पूर्ण तास येत नाही. विद्यार्थी मनाने कमी पडतात असं नाही. आपण त्यांना काम चुकीच्या मापाने वाटून देतो.

मग ते उरलेले 20 तास. इथे मला शाळेतल्या मुलांनी केलेलं ॲनिमेशन दिसतं.

2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या सुमारे 89 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येत होता. साधन घरात आलेलं आहे. मोबाइल एका ठिकाणी घट्ट बसवायचा, खाली काळी पाटी ठेवायची, तिच्यावर धानाचे दाणे मांडायचे. दोन दाणे सरकवायचे, एक फोटो. पुन्हा दोन दाणे, पुन्हा फोटो. सेकंदाला 8 फोटो धरले तर मिनिटाला 480, दोन मिनिटांच्या चित्रफितीला 960. तीस मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला 32 फोटो. दाण्यांची रांग वळत वळत ‘ध’ होते, मग काना, मग ‘न’. अशा दहा फिती म्हणजे 20 मिनिटं. घरात नातवंडाबरोबर प्रत्येक फीत साठ वेळा पाहिली गेली की 20 तास भरले. लहान मूल आवडलेली गोष्ट साठ वेळा लावतंच.

पण फीत कशाबद्दल? शिक्षणाचं महत्त्व सांगणारी नको. ते त्या बाईला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती मुलीला शाळेत पाठवते. 1990 च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियासाठी ‘मीना’ ही मालिका आणली, मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन तिच्यामागे होते. पहिल्याच गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती आपल्या मिठू पोपटाला वर्गाच्या खिडकीशी पाठवते, आणि त्याच्याकडून आकडे शिकते. कोंबड्या मोजताना तिला एक कमी दिसते, आणि चोर सापडतो. उपदेशाचं एक वाक्यही न ऐकवता मोजता येण्याचा फायदा घरच्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याआधी 1974 मध्ये विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ केली, तीही गाण्यात आणि रेषांत, आणि एका पिढीला ती अजून पाठ आहे.

सालेकसा तालुक्यातली कोंबडी म्हणजे तेंदूचा पुडा. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा, 100 पुडे म्हणजे 7,000 पानं, 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. सीमेपलीकडे छत्तीसगडात पुडा 50 पानांचा. पहाटे तोडायला गेलेली बाई दुपारी घरी बसून पानं जुळवते, बांधते, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, नेऊन रांगेत मांडते. तिथे मोजणारा दुसरा, लिहिणारा दुसरा, वहीही दुसऱ्याची. तिला पुडे तोंडी मोजता येतात, अगदी बिनचूक. वहीत काय लिहिलं ते मात्र दिसत नाही. मजुरीचं जॉब कार्ड, बचत गटाचं रजिस्टर, धान खरेदी केंद्रावरची पावती, बँकेची पैसे काढायची स्लिप: ही तिची पोथी आहे.

अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये एक साधा विचार मांडला. गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दिसावेत, आणि म्हटला जाणारा शब्द रंगत जावा. पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये ते आलं. विद्यार्थ्यांच्या फितीतही हेच हवं. आजीचा आवाज गोंडीत किंवा पोवारीत, आणि खाली तेच बोल देवनागरीत, शब्दागणिक रंगणारे. आवाज घरातल्याच बाईचा घ्यावा, शहरी निवेदन नको.

देशात आता 95 टक्के साक्षरतेला पूर्ण साक्षर म्हणतात. गोव्याने 30 मे 2025 ला तशी घोषणा केली. गोंदिया 2011 च्या आकड्यावर तिथून दहा अंक दूर आहे, आणि त्या दहा अंकांत सात-आठ बायांचे आहेत. आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन 8 सप्टेंबरला येतो, रोवणी संपलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. वर्ग सुरू करायला इथल्या वर्षात यापेक्षा बरा दिवस नाही. विद्यार्थ्यांनी पुड्याची फीत डिसेंबरपर्यंत तयार केली, तर दोन महिने ती घराघरांत फिरेल. मे महिन्यात फळीवर रांगा लागतील तेव्हा वहीत 100 लिहिलंय की 90, हे मांडणारीला आपल्या जागेवरून वाचता यावं.