शेतीचें अनुदान आणि नांवांची यादी

सरकारी तिजोरींतून शेतकऱ्यास मिळणारी मदत हा कांहीं दानधर्म नव्हे. प्रजेनें कररूपानें भरलेल्या पैशाची ती वांटणी होय. मग तो पैसा कोणाच्या पदरांत पडला, हें विचारण्याचा अधिकार कर देणाऱ्यास आहे कीं नाहीं? आणि असल्यास, एखाद्याची मिळकत चव्हाट्यावर मांडण्यापर्यंत तो पोंचतो काय? या दोन प्रश्नांचा झगडा युरोपांत फार उद्बोधक रीतीनें झाला.

युरोपांतील राष्ट्रांचें सामायिक कृषिधोरण १९६२ सालीं अस्तित्वांत आलें. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या काळाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग त्याच्या वांट्यास आला आहे. परंतु पैसा घेणारे कोण, हें पुष्कळ वर्षें लोकांस ठाऊक नव्हतें. २००४ सालीं डेन्मार्कनें यादी उघड केली. इंग्लंडांत माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा १ जानेवारी २००५ पासून अंमलांत आला, आणि त्याच वर्षीं तेथील यादीहि बाहेर पडली. तींत राणी एलिझाबेथ यांच्या सँड्रिंगहॅम येथील शेतीचेंहि नांव होतें! यांत बेकायदेशीर कांहींच नव्हतें. जमीन जितकी मोठी तितकी मदत मोठी, हा नियमाचाच परिणाम होता. थेट मदतीपैकीं सुमारें ८० टक्के रक्कम २० टक्के लोकांकडे जाते, असा तेथील अनुभव आहे. लहान शेतकऱ्याच्या नांवानें चाललेली योजना मोठ्या जमीनदाराचें घर भरते, ही गोष्ट यादीवांचून सामान्य माणसास दिसली नसती.

पुढें सर्व राष्ट्रांनीं नांवें प्रसिद्ध करावीं असा नियम झाला. त्याविरुद्ध जर्मनींतील हेसेन प्रांतांतून दाद मागण्यांत आली. युरोपीय न्यायालयानें ९ नोव्हेंबर २०१० रोजीं निकाल दिला कीं, हेतु योग्य असला तरी मदत किती, किती वेळां व कोणत्या प्रकारची मिळाली याचा कांहीं भेद न करतां प्रत्येक व्यक्तीचें नांव छापणें हें गरजेपलीकडचें होय. कंपन्यांची नांवें प्रसिद्ध करण्यास मात्र न्यायालयाची हरकत नव्हती.

या निकालांतून २०१३ सालीं मध्यममार्ग निघाला. नांव, गांव, रक्कम आणि मदतीचा हेतु प्रसिद्ध करावा. परंतु वर्षाला फार तर १,२५० युरो मिळणाऱ्या लहान शेतकऱ्याचें नांव झांकावें, असें ठरलें. तरीहि यादी दोनच वर्षें ठेवण्याचें बंधन असल्यामुळें दीर्घ काळाची तुलना कठीण होते. आणि एकाच धन्याच्या अनेक कंपन्या वेगवेगळ्या ओळींत विखुरल्या, तर एकूण बेरीज सहज डोळ्यांत भरत नाहीं.

हिंदुस्थानांतहि हा प्रश्न परका नाहीं. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतील चौथें कलम अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारनें आपण होऊन जाहीर करावा, असें सांगतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधींतून शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये ठरले. आयकर भरणारे त्यांतून वगळलेले असतांहि कांहींच्या खात्यांत पैसे गेले व त्यांची वसुली करावी लागली. सातबाऱ्यावर कोणाचें नांव आहे आणि नोकरीवर कोण आहे, हें गांवकऱ्यांस कचेरीपेक्षां अधिक ठाऊक असतें. म्हणून यादी गांवापुढें वाचली गेली, तर अपात्र माणूस लपत नाहीं. आणि ज्या गरजू शेतकऱ्याचें नांव गळलें, त्यासहि आपला हक्क मागतां येतो.