जिन्यात पावलं वाजतात तेव्हा

जत्रेतल्या तंबूत म्हणा किंवा घरच्या टीव्हीवर, तुम्ही थरारपट पाहिलाच असेल. रात्रीची वेळ. एकटी मुलगी भराभरा चालली आहे. मागून बुटांचा आवाज येतो. ती थांबली की आवाज थांबतो. आपल्याला नुसते बूट दिसतात, चेहरा दिसत नाही. सिनेमाचं नावही अजून आलेलं नसतं, तरी आपण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं असतं. ही भीती कशी तयार होते, ते आज सांगते.

निमित्त माझ्या भाचीचं. ती ठाण्याला वर्तकनगरात राहते आणि कॉलेजात सिनेमा शिकते. वर्गाला काम मिळालं होतं: थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची, मोबाइलवर.

पत्रिकेवर कुंकू दिसलं की न वाचताच आपल्याला शुभकार्य कळतं. सिनेमाच्याही अशा ठरलेल्या खुणा असतात. अंधार, जिना, पावलं, अर्धवट दिसणारा माणूस आणि शेवटी उत्तर न देता सोडलेला एक प्रश्न. या खुणा म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्दच. ‘बस, तुला घाबरवणार आहे,’ असं सिनेमा सांगतो.

दुसरी गोष्ट, कुणाला किती माहीत आहे. इंग्रजी थरारपटांचे मोठे दिग्दर्शक हिचकॉक हे समजावताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देत. मी दुधाचं देते. दूध अचानक उतू गेलं तर आपण क्षणभर दचकतो. पण दूध वर येताना आपल्याला दिसतंय आणि घरातली बाई दारात गप्पा मारत उभी आहे, तर? तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो. आपल्याला माहीत आहे, तिला नाही. थरार तो हाच.

भाचीने पहिल्यांदा सगळ्या खुणा जशाच्या तशा घेतल्या. म्हाडाच्या जुन्या इमारतीचा जिना, रात्रीचे अकरा, क्लासहून परतणारी मुलगी, मागे बूट, किंकाळी. माझ्या ताईने ते पाहिलं आणि म्हणाली, “चांगलं झालंय गं. पण हे बाबांना दाखवू नकोस. उद्यापासून तुझा संध्याकाळचा क्लास बंद करतील.”

पोरगी गप्पच झाली. खरंच आहे ना? पडद्यावर रात्री बाहेर पडलेल्या मुलीचा नेहमी बळीच जातो. वर्षानुवर्षं तेच पाहिलं की घराघरात एकच धडा घेतला जातो: मुलीने बाहेर पडू नये. मागे चालणाऱ्या बुटांना मात्र कुणी घरी बसवत नाही.

मग तिने रागाने सगळंच उलटं केलं. लख्ख दुपार, गोड संगीत, जिन्यात हसत बोलणाऱ्या बायका. वर्गातली मुलं म्हणाली, “ही मसाल्याची जाहिरात आहे का?” एकही खूण उरली नव्हती, म्हणून कुणी घाबरलंच नाही. सगळं मोडलं की आपण काय मोडलं, हेही प्रेक्षकाला कळत नाही.

मोडायचं ते निवडून. हिचकॉक यांनी 1959 च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये अंधारी गल्ली टाळली. भर उन्हात, मोकळ्या शेतांमधल्या रस्त्यावर नायक एकटा उभा असतो आणि पिकावर औषध फवारणारं विमान त्याच्यावर चालून येतं. लपायला कोपराच नाही! आपल्या मराठीत 2017 साली विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. त्यात पडक्या वाड्याऐवजी उसाचा फड आहे आणि नायिका गरोदर आहे. भुताच्या गोष्टीचा धाक तिथे आहेच, पण त्या भीतीचं मूळ निघतं मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांत. त्याच दिग्दर्शकाने पुढे 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला.

हे पाहून भाचीने तिसऱ्यांदा सुरुवात केली. जिना ठेवला, पावलं ठेवली, चेहरा लपवणंही ठेवलं. बदलल्या दोनच गोष्टी: वेळ आणि पाठलाग कोण करतं ते.

दुपारची वेळ. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी होते. संगीत नाही. जिना चढणाऱ्या बाईच्या चपला दिसतात, हातात भाजीची पिशवी. मागून बूट येतात. आपला श्वास अडकतो. बूट तिला ओलांडून वर जातात. ती थांबते. कुकर शांत होतो. आणि मग चपला त्या बुटांच्या मागे चालू लागतात, अगदी हळू. वर दार लागल्याचा आवाज. बाई पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून पेन काढते आणि दारावरचा नंबर तळहातावर लिहिते. इथे सिनेमाचं नाव येतं.

कोण ही बाई? त्या माणसाने काय केलंय? वर्गात सगळे हेच विचारत राहिले. किंकाळी नाही, रक्त नाही, तरी थरार होता. कारण जुन्या खुणांनी आपल्याला तिच्यासाठी घाबरवलं होतं, आणि त्याच क्षणी तिने डाव उलटवला.

ताईने या वेळी स्वतः हाक मारून भाचीच्या बाबांना बोलावलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, “पुढे काय होतं?” क्लासचा विषय निघाला नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गटात बसून सिनेमा पाहाल तेव्हा पहिली दोन मिनिटं नीट बघा. कोण घाबरतंय, कुणापासून, आणि दर वेळी तीच का, हे एकमेकींना विचारा. मुलींनाही जवळ बसवून विचारा. आपल्या गावात अशी सुरुवात करायची तर चपला कुणाच्या दाखवाल, तेही ठरवा.

आज इथेच थांबते. गॅसवर दूध असेल तर बघून या. नमस्कार.