पंचवीस डॉलरमध्ये चेहरा, तोही डझनाने

फ्रेंच राज्यक्रांतीत वतनदारी गेली आणि डिजाँच्या सरदार घराण्यातला शार्ल दे सँ-मेमँ १७९३ मध्ये वडिलांबरोबर न्यूयॉर्कला उतरला. जायचं होतं कॅरिबियन बेटांवर, आईच्या मळ्यांकडे. पण तिथे गुलामांनी उठाव केलेला. तोही आधार संपला. हातात उरली चित्रकला आणि यंत्रांची हौस. तांब्यावरचं कोरीवकाम तो पुस्तकं वाचून शिकला आणि पोटासाठी लोकांचे चेहरे काढू लागला.

तेही फक्त बाजूने. रोमन नाण्यांवरच्या मुद्रा आणि लाव्हाटर या स्विस पाद्र्याचं मुखसामुद्रिक यांची तेव्हा चलती होती. नाक-हनुवटीच्या रेषेवरून माणसाचा स्वभाव कळतो, असं भलेभले मानत. शिवाय तो वापरायचा त्या यंत्राला हीच रेषा सोपी जाई. हे फिजिओनोट्रेस यंत्र व्हर्सायच्या दरबारात चेलो वाजवणाऱ्या जील-लुई क्रेतियँनं १७८० च्या दशकात बनवलं होतं. उभ्या लाकडी चौकटीत एकमेकींना जोडलेल्या पट्ट्या. गिऱ्हाईक आडवं तोंड करून बसायचं. चित्रकार नेम धरायच्या खुणेतून बघत ती खूण कपाळावरून नाकाकडे, ओठांवरून गळ्याकडे उतरवत न्यायचा आणि पट्ट्यांना जोडलेली पेन्सिल तीच वाट कागदावर, खऱ्या चेहऱ्याच्या मापात चालायची.

यंत्राचं काम इथेच संपे. डोळा, कान, गालाचा उतार, केसांच्या बटा हे सगळं सँ-मेमँ गुलाबीसर कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने हातानेच भरायचा. यंत्रानेच चित्र काढलं म्हणणाऱ्यांनी त्याच्या चित्रांतले केस एकदा नीट पाहावेत. मग चित्र लहान करणाऱ्या पँटोग्राफने तो चेहरा जेमतेम दोन इंचांच्या वर्तुळात, तांब्याच्या प्लेटवर उतरे. छायेसाठी काटेरी चाकाची रूलेट फिरवून तांब्यावर बारीक खड्डे पाडायचे. शाई भरायची, वरवरची पुसून काढायची. ओलसर कागद प्रेसखाली दाबला की खड्ड्यांत राहिलेली शाई कागदावर येते. जितके दाट खड्डे तितकी गडद सावली.

खडूचं चित्र, प्लेट आणि बारा छाप मिळून पुरुषांना २५ डॉलर, बायकांना ३५. (लेस आणि कुरळ्या बटांची ही मजुरी असावी.) नोव्हेंबर १८०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन बसला. चित्र, प्लेट आणि ४८ छापांचे त्याने २९.५० डॉलर मोजले. म्हणजे जादा तीन डझन छाप साडेचार डॉलरमध्ये! खरा खर्च पहिल्या चेहऱ्याचा; पुढचे दीड डॉलरला डझन. एकाच तैलचित्राच्या जमान्यात नातलगांना, मित्रांना वाटता येईल असा चेहरा ही नवलाई होती आणि सँ-मेमँनं नेमकी तीच विकली. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, रिचमंड, चार्ल्सटन असं गावोगाव फिरत त्याने हजाराच्या आसपास चेहरे काढले.

सगळेच काही गिऱ्हाईक म्हणून आलेले नव्हते. १८०४ मध्ये वॉशिंग्टनला आलेल्या ओसेज जमातीच्या प्रमुखांनाही त्याने याच पद्धतीने चितारलं. पश्चिमेच्या मोहिमेवरून परतलेल्या मेरिवेदर लुइसला आपल्या नियोजित ग्रंथासाठी अमेरिकन इंडियनांची चित्रं हवी होती. त्यासाठी त्याने १८०७ मध्ये सँ-मेमँला ८३.५० डॉलर दिले. तो ग्रंथ लुइसच्या हातून पुरा झाला नाही.

१८१४ मध्ये सँ-मेमँ कायमचा मायदेशी परतला आणि १८१७ पासून १८५२ मध्ये मरेपर्यंत डिजाँच्या संग्रहालयाचा प्रमुख राहिला. प्रत्येक प्लेटचे छाप मात्र त्याने स्वतःजवळही ठेवले होते. पुढे त्या छापांचे संच अमेरिकेत पोहोचले आणि त्यांच्याच आधारावर आज तिकडचे अभ्यासक हे चेहरे कोणाचे ते ठरवतात. काहींची नावं अजून लागलेली नाहीत.