सत्तरीचे राणे : न मोडणाऱ्या झुंजीचे रहस्य

विज्ञानकथांत कधी कधी एखादा गूढ योद्धासंघ आपणांस भेटतो. तो पराभूत होतो, विखुरतो, नामशेष झाला असे वाटते. आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्र परजून उभा राहतो. विद्यार्थी मित्रहो, असे लढवय्ये शोधण्यास परग्रहावर जाण्याचे कारण नाही. आमच्या डिचोलीशेजारच्या सत्तरीतील राणे घराण्याचा इतिहास चाळला तरी पुरे.

राणे हे या भागाचे वतनदार. डिचोली तालुक्यातील साखळी हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण. डिचोली व सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या प्रदेशांतील जुने हक्क व चालीरीती राखण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. पुढे कर वाढले, वतनी हक्कांवर गदा आली आणि असंतोष धुमसू लागला.

२६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. हा लढा सुमारे साडेतीन वर्षे चालला व १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. १८६९ पासून कुष्टोबा राणे यांनी पुन्हा बंडाचा झेंडा उभारला. १८७१ मध्ये ते मारले गेले. १८९५ मध्ये मराठा शिपायांनी आफ्रिकेत जाण्याचे नाकारून बंड केले, तेव्हा दादा राणे त्यांस येऊन मिळाले. हे बंड शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजाला आपल्या भावाबरोबर सैन्य धाडावे लागले. १९१२ मध्येही बंडाची ठिणगी उडालीच.

या चिवटपणाचे रहस्य काय? पहिले कारण भूमी. सह्याद्रीच्या कुशीतील घनदाट अरण्यात, म्हादईच्या खोऱ्यात परक्या पलटणींना वाट सापडत नसे. दुसरे कारण युद्धपद्धती. उघड्या मैदानात सामना देण्याऐवजी राणे लहान तुकड्यांनी छापा घालीत व रानात दिसेनासे होत. संकटकाळी ब्रिटिश मुलखाची सरहद्दही जवळच होती. तिसरे व मुख्य कारण म्हणजे खेड्यांतील माणसे. गावचा आधार नसता, तर केवळ रानाने कोणास किती दिवस पोसले असते?

तथापि, सत्य सांगावयाचे तर या बंडांना मर्यादाही होती. ती बहुतांशी आपल्या वतनी हक्कांसाठी होती, एका मुलखात उठत आणि तेथेच शमत. संपूर्ण गोवा एकदिलाने उठला नाही. म्हणून वारंवार शौर्य गाजवूनही सत्ता हटली नाही. ती हटण्यास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

पडूनही पुन्हा उठावे, हा धडा राण्यांनी आम्हांस दिला. उठताना शेजाऱ्याचा हात हाती असावा, हा धडा त्यांच्या अपयशाने दिला. दोन्ही धडे आम्ही सारखेच जपले पाहिजेत.