घोरपडीमागचा माणूस

निपाणीच्या पश्चिमेला चिकोत्रा नदीकाठी सेनापती कापशी आहे. आज हे गाव चपलांसाठी ओळखलं जातं. त्याआधी ओळखलं जाई ते संताजी घोरपड्यांच्या घराण्यामुळे. पूर्वेला घटप्रभेकाठच्या मुधोळात घोरपड्यांचीच दुसरी शाखा राज्य करत होती. हे आडनाव एका कड्याच्या चढाईतून आलं, असं परंपरा सांगते. प्रस्तरारोहणाचा इतिहास आपण गिर्यारोहण संस्थांच्या स्थापनेपासून मोजतो. सीमाभागात मात्र तो साडेपाचशे वर्षं मागे न्यावा लागतो.

बहमनी वजीर महमूद गावान कोकणावर उतरला, तेव्हा खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्याच्या वाटेत होता. याच मुलखातल्या रानात १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारची फौज कापली गेली होती, त्यामुळे गडाची धास्ती मोठी. मुधोळच्या कागदांनुसार करणसिंह घोरपडीला दोर बांधून कडा चढले आणि त्या हल्ल्यात मारले गेले; १४७१ च्या फर्मानाने त्यांचे पुत्र भीमसिंह यांना ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला. दत्तो वामन आपटे यांनी १९३४ मध्ये मुधोळ घराण्याच्या इतिहासात ही फर्मानं छापली. ती अस्सल आहेत की नाहीत, यावर इतिहासकारांत वाद आहे.

माझा आक्षेप घोरपडीला आहे. तिची पकड चिवट असते हे खरं. पण पूर्ण वाढलेली घोरपडसुद्धा शेपटीसकट पावणेदोन मीटरच्या आसपास भरते आणि तिचं वजन जेमतेम काही किलो असतं. दोराला माणूस लोंबकळला की ती सुटणार, नाहीतर फाटणार. शिवाय तिला हव्या त्या कपारीत नेऊन बसवायचं कोणी?

कडा कसा चढतात, हे चढणाऱ्यांना विचारावं. सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांचा आहे. मधूनमधून गेरूसारखा ठिसूळ थर लागतो, गवताखाली मुरूम सरकतो, हाताला आलेला दगड हातातच येतो. अशा भिंतीवर एक जण पुढे जातो. आज तो फटीत पिटॉन, म्हणजे धातूची मेख, ठोकतो, त्यात कॅराबिनर ही कडी अडकवून दोर ओवतो आणि खालचा सोबती त्याला बिले देतो, म्हणजे पडलाच तर सावरायला दोर धरून उभा राहतो. तो वर जाऊन दोर पक्का बांधतो, मग बाकीचे चढतात. पंधराव्या शतकात पिटॉन नव्हते. पुढच्या माणसाचा हात सुटला की त्याला अडवणारं काही नव्हतं. त्याच्यामागून तीनशे जण चढले तरी अवघड काम एकट्यानेच केलेलं असे.

सभासदाच्या बखरीत सिंहगडाची १६७० ची चढाई नेमकी अशीच आहे. तानाजींनी दोन चांगले मावळे निवडले, ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग तीनशे माणूस वर गेलं. बखरीत घोरपड नाही. तानाजींची यशवंती घोरपड आली ती तुळशीदासाच्या पोवाड्यातून, आणि ती इतकी लाडकी झाली की त्या दोघांची नावंही कोणाला विचारावीशी वाटली नाहीत. मला हा अन्याय वाटतो. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद साठ जणांनिशी रात्री पन्हाळ्याच्या कड्यावरून वर गेले. किल्लेदार मारला गेला आणि गड स्वराज्यात आला. तिथेही नाव राहिलं ते नेत्याचं; कड्याला पहिला हात कोणी घातला, ते इतिहासात आलं नाही.

चढाईला दुसरा पर्याय काय होता, ते बेळगावात दिसतं. खेळण्यानंतर एक-दोन वर्षांतच गावान इथल्या किल्ल्यावर आला. इथे कडा नाही. सपाट जमीन, भोवती पाण्याने भरलेला खंदक. त्याच्या फौजेने तटाखाली सुरुंग पेरले आणि भिंत उडवली. दख्खनला तोवर हे तंत्र ठाऊक नव्हतं, असं फिरिश्ता लिहितो. खेळण्याच्या बेलाग उंचीवर ही युक्ती कशी चालणार? तिथे माणूसच वर चढवावा लागला.

म्हणून मुधोळच्या कागदांवरचा वाद मान्य करूनही मी करणसिंहांकडे पुन्हा वळतो. कड्यावर गेलेल्या माणसाचं स्वतःचं नाव, त्याच्या मृत्यूसह, एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलं. सिंहगडाच्या त्या दोघा मावळ्यांना असं घराणं लाभलं नाही.