दातेरी फोल्डिंग चाकू कसा निवडायचा? घेण्याआधी तपासा या ६ गोष्टी

या साइटवर आपण नेहमी फोन, ॲप्स, प्रोसेसर यांबद्दल बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी यातही स्पेक्स वाचायचेच आहेत. ट्रेक, कॅम्पिंग, शेत, बोट अशा रफ कामासाठी दातेरी धारेचा फोल्डिंग चाकू कसा निवडायचा, ते पाहूया.

आधी हा विषय डोक्यात का आला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी कोकणात मामाकडे गेलो होतो. गोठ्यातलं वासरू खांबाभोवती फिरून फिरून स्वतःच्याच दाव्यात अडकलं. दावं नायलॉनचं, त्यात भिजलेलं, गाठ काही सुटेना. माझ्या खिशात ऑनलाइन घेतलेला ‘टॅक्टिकल’ चाकू होता. दिसायला एकदम भारी! पण साध्या धारेचं ते पातं दोरीवरून नुसतं घसरत होतं. मी जोर वाढवला, लॉक सुटलं आणि पातं माझ्याच बोटावर मिटलं. तीन टाके पडले.

तेवढ्यात मामाने गवत कापायचा दातेरी विळा आणला. त्याचं टोक दोरीखाली सरकवलं, विळ्याची पाठ वासराच्या मानेकडे आणि धार दोरीकडे. तीन-चार ओढीत दावं तुटलं. मामा म्हणाला, "अरे इंजिनिअर, दात असलेलं आणायचं ना!" तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला.

दात नेमकं काय करतात?

साधी धार एका वेळी दोरीच्या बऱ्याच भागावर टेकते, त्यामुळे तुमचा जोर विभागला जातो. दातेरी धारेत सुरुवातीला फक्त दातांची टोकं टेकतात. जोर तोच, जागा कमी, म्हणजे दाब जास्त. टोकं आत घुसली की मधल्या अर्धगोल खाचा तंतू पकडून ठेवतात आणि ओढताना कापतात. म्हणून नायलॉनची दोरी, सुतळी, सीटबेल्टची पट्टी, मासेमारीचं जाळं अशा तंतूवाल्या वस्तूंवर दातेरी धार सरस ठरते.

अजून एक फायदा म्हणजे दगडावर किंवा फळीवर घासलं तरी मार टोकांना बसतो. खाचांमधली धार बराच काळ टिकते. ‘वैभव’ विळा वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण तोटेही आहेत. दातेरी धारेने लाकूड तासता येत नाही, फळ कापलं तर काप खडबडीत येतात आणि धार लावणं वेळखाऊ असतं.

१. पूर्ण दातेरी की अर्धं-अर्धं?

अर्ध्या-अर्ध्या पात्यात मुठीजवळ दात आणि टोकाकडे साधी धार असते. ऐकायला मस्त वाटतं, पण ८ सेंटिमीटरच्या पात्यात दोन्हींना जेमतेम ४-४ सेंटिमीटर मिळतात. जाड दोरी कापायला लांब ओढ लागते. माझं मत असं: मुख्य काम दोरी आणि जाळं असेल तर पूर्ण दातेरी घ्या. ट्रेकमध्ये भाजी चिरण्यापासून काठी तासण्यापर्यंत सगळं एकाच चाकूने करायचं असेल, तर अर्धं-अर्धं चालेल.

२. टोक कसं आहे?

अणकुचीदार टोक भारी दिसतं. पण अडकलेलं जनावर किंवा माणूस सोडवताना तेच टोक अंगात घुसू शकतं. धार सरळ आणि पाठ पुढे गोलाई घेऊन खाली उतरणारी, म्हणजे ज्याला ‘शीप्सफूट’ म्हणतात, ते बोथट टोकाचं पातं अशा कामाला जास्त सुरक्षित.

३. स्टील: हा झाला प्रोसेसर

नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलंय आणि ग्रेडचं नाव नाही? सरळ पुढे स्क्रोल करा. नाव असेल तर ते वाचता येतं. उदाहरणार्थ ‘८सीआर१३एमओव्ही’ म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. कार्बनमुळे कडकपणा येतो, क्रोमियम गंज रोखतं. ‘३सीआर१३’ मध्ये कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, त्यामुळे धार लवकर जाते.

‘डी२’ स्टील धार छान धरतं. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनसोबत बांधलं गेल्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. कोकणातल्या दमट हवेत त्याला पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. रोज खाऱ्या पाण्यात काम असेल तर ‘एच-१’ सारखी स्टील्स असतात. त्यांत कार्बन खूप कमी असतो, आणि ती सहसा गंजत नाहीत. पण किंमत जास्त.

४. लॉक: इथे तडजोड नाही

दातेरी पातं दोरीत अडकतं आणि झटक्याने सुटतं. लॉक कच्चं असेल तर त्या झटक्यात ते मिटतं. माझं बोट हे त्याचं लाइव्ह उदाहरण.

- स्लिप जॉइंट: फक्त स्प्रिंगचा ताण, लॉक नाही. रफ कामाला नको.
- लायनर लॉक: मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या मागे येऊन बसते. पट्टी जाड आणि पूर्ण टेकलेली हवी.
- बॅक लॉक: मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो. मला हे सर्वात भरवशाचं वाटतं.
- कड्याचं लॉक: फ्रान्सच्या ओपिनेलने १९५५ मध्ये आणलं. कडं फिरवलं की पातं बंद होत नाही. सोपं आहे, पण लाकडी मूठ भिजून फुगली तर पातं उघडताना त्रास होतो.

चाकू हातात आला की तो उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पाठीवर हळूहळू दाब द्या. लॉक हललं किंवा पातं वर-खाली खेळलं, तर परत करा.

५. मूठ आणि माप

ओल्या हातात गुळगुळीत धातूची मूठ सटकते. जी-१० किंवा ग्लासफायबर भरलेलं खरखरीत नायलॉन बरं. दोरी ओवायला भोक हवं. आणि रंग? काळा कूल दिसतो, पण गवतात पडला की सापडत नाही. मी आता केशरी वापरतो. पातं ७.५ ते ९ सेंटिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास पुरते.

६. धार कशी लावणार?

सपाट दगड चालत नाही. निमुळता गोल डायमंड किंवा सिरॅमिक रॉड घ्या. बहुतेक पात्यांवर दात एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे त्याच बाजूने प्रत्येक खाचेत रॉड चार-पाच वेळा फिरवा. मग दुसऱ्या, सपाट बाजूला आलेली बारीक कोर हलक्या हाताने काढून टाका.

कायदा आणि सुरक्षा

शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला चाकू यापेक्षा बराच लहान आहे, पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल, तर चाकू बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. दिल्लीत बटण चाकूंसाठी वेगळे, कडक निर्देश आहेत. विमानात तो चेक-इन बॅगेतच ठेवा. शहरात रोज खिशात घेऊन फिरायची ही वस्तू नाही. काम असेल तेव्हाच सॅकमध्ये टाका.

आणि ट्रेकर्स, हे लक्षात ठेवा: ताणलेली रॅपलिंगची दोरी चाकूचा नुसता स्पर्श झाला तरी झपाट्याने तुटते. दोरीवर लटकलेले असताना चाकू उघडू नका.

थोडक्यात सांगायचं तर आधी लॉक बघा, मग टोक, मग स्टील. लूक सगळ्यात शेवटी. ते वासरू आता मोठं झालंय, आणि मामाने त्याचं दावं नायलॉनऐवजी सुती केलंय. खरं तर सगळ्यात चांगला उपाय तोच होता!