रंगाचें माप व रंगीत फिल्टर

तांबडा, हिरवा व निळा अशा तीन फिल्टरांतून घेतलेल्या तीन छायाचित्रांवरून पदार्थाचा रंग पुन्हा उभा करितां येतो, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६१ सालीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रयोगानें दाखविलें. थॉमस सटन यानें रंगीत द्रवानें भरलेल्या काचपात्रांतून एका चौकटीदार फितीचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. परंतु यांत एक गोम होती. त्या वेळच्या काचफलकांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होतच नसे! मग तांबड्या द्रवांतून चित्र उमटलें कसें? याचा उलगडा १९६१ सालीं राल्फ इव्हान्स प्रभृतींनीं केला. त्या द्रवांतून डोळ्यास न दिसणारे जंबुपार किरणहि पार जात होते, आणि फितीचा तांबडा रंग ते किरण परावर्तित करीत होता. प्रयोग साधला, पण योगायोगानें.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतहि हीच अडचण दुसऱ्या टोकास आढळते. त्यांतील सिलिकनच्या कणास प्रकाश किती पडला एवढेंच कळतें. रंग कळत नाहीं. म्हणून प्रत्येक कणावर फिल्टरचा एक सूक्ष्म ठिपका बसवितात. सिलिकन सुमारें ११०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी टिपतें, आपला डोळा मात्र ७०० च्या आसपास थांबतो. रंगीत ठिपके हे अवरक्त किरण अडवीत नाहींत; त्याकरितां निराळी काच लागते. २००६ सालीं निघालेल्या लायका एम ८ कॅमेऱ्यांत ही काच दुबळी होती, त्यामुळें काळें कृत्रिम कापड जांभळट दिसूं लागलें, व कंपनीस ग्राहकांना वेगळे फिल्टर पुरवावे लागले.

आतां मुख्य प्रश्न. फिल्टर जितका शुद्ध रंगाचा, तितकें माप अचूक, असें प्रथमदर्शनीं वाटतें. मलाहि तसेंच वाटत असे. परंतु स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतींत चिमूटभर मीठ टाकून पाहा. जो पिवळा प्रकाश दिसतो त्याची लहर ५८९ नॅनोमीटरची असते. आपला हिरवा फिल्टर ५७० ला संपत असेल व तांबडा ६०० ला सुरू होत असेल, तर या ज्योतीची नोंदच होणार नाहीं. ती काळी दिसेल. शिवाय ६१० चा नारिंगी व ६५० चा तांबडा हे दोन्ही केवळ तांबड्यांतच मोजले जातील, मग त्यांतील भेद कळावा कसा? डोळ्यांतील हिरव्या व तांबड्या प्रकाशाच्या संवेदना एकमेकींवर पुष्कळ पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या प्रमाणावरूनच आपणांस हा भेद कळतो. म्हणून मापाचे फिल्टरहि एकमेकांवर पसरलेले हवेत.

किती पसरलेले, याचा नियम १९२७ सालीं लुथर यानें मांडला. कॅमेऱ्याच्या तीन संवेदन-रेषा अशा असाव्या कीं, डोळ्याच्या तीन रेषांस ठराविक अंकांनीं गुणून व त्यांची बेरीज-वजाबाकी करून त्या मिळाव्या. डोळ्याच्या या रेषा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९३१ सालीं प्रमाण म्हणून ठरविल्या. फिल्टर निवडतांना इष्ट रेषेस सिलिकनच्या व भिंगाच्या रेषेनें भागावें. जो भागाकार येईल, तो फिल्टरचा आकार. हा नियम मोडला, तर डोळ्यास भिन्न दिसणारीं दोन कापडें कॅमेऱ्यास एक दिसूं शकतात. तिन्ही आंकडे एकदां सारखे आले, म्हणजे मग कितीहि गणित केलें तरी ते वेगळे करितां येत नाहींत.

हा नियम पुरतेपणीं पाळणेंहि महागच पडतें. फिल्टर फार पसरले कीं रंग काढण्यास मोठाल्या संख्यांची वजाबाकी करावी लागते, व तींत प्रकाशमापनांतील बारीकसारीक चुकाहि वाढतात. यास्तव कारखानदार थोडी अचूकता सोडून स्वच्छ चित्र पत्करतात, व उरलेला दोष ज्ञात रंगांच्या चोवीस चौकोनांचा तक्ता टिपून गणितानें कमी करितात. ही दुरुस्ती मात्र त्याच दिव्यापुरती खरी असते. दिवा बदलला कीं तक्ता पुन्हा टिपावा लागतो.